डावखुरी गाठ

चष्म्याची काडी बिजागरीपाशी तुटली की माणसं काय वाटेल ते करतात. चिकटपट्टी लावतात, टाचणी खुपसतात. एका गृहस्थांनी तर मेणबत्तीचं मेण ओतून आणलं होतं. त्यामुळे त्या दुपारी एका बाईंनी काउंटरवर ठेवलेल्या चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला पाहून मला विशेष काही वाटलं नाही. मी चष्मा दिव्याखाली धरला, डोळ्याला भिंग लावलं, दुसऱ्या हातात बारीक कात्री घेतली आणि तिथंच थांबले. दोरा निळा होता, मासे धरायच्या जाळ्याचा. वेढे एकाला एक लागून, मधे केसाची फट नाही. तेवढं कुणालाही जमेल. पण शेवटची गाठ उलट्या बाजूनं फिरवून आत दडपलेली होती, आणि अशी गाठ मारणारं माणूस मला जगात एकच माहीत आहे. आई डावखुरी. जाळी विणणाऱ्या सगळ्या बायकांच्या गाठी एका दिशेला, हिच्या दुसऱ्या. बाबा चिडवायचे, तुझी गाठ सोडवायची तर माणसानं आरशात बघून सोडवावी.

"हे कुणी बांधून दिलं?" मी विचारलं. आवाज दुकानातलाच ठेवला.

"अहो, गंमतच झाली," बाई म्हणाल्या. "आम्ही त्या तळ्यावर गेलो होतो, पक्षी बघायला. तिथं हॉटेल वगैरे काही नाही, गावातल्या घरांतच राहायचं. पाळीपाळीनं पाहुणे वाटून घेतात ते लोक, फार छान पद्धत आहे. माझी काडी तुटली तर दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा असा बांधून उशाशी ठेवलेला! घरातल्या आजींनी. मी सांगितलंसुद्धा नव्हतं. पाहुण्यांचं काही तुटलेलं दिसलं की त्या बसतातच घेऊन, शेजारच्यांच्या पाहुण्यांचंही. आम्हाला वरची खोली दिली होती. खिडकीतून सगळं तळं!"

"घरात कोण कोण असतं?"

"आजी, मुलगा, सून. मी विचारलं ना, बाकी मुलंबाळं कुठं असतात? तर म्हणाल्या, मला एकच मुलगा."

मी दोरा कापला, नवा स्क्रू बसवला, काडी उघडून-मिटून बघितली, काचा पुसून दिल्या. बाईंनी चष्मा नाकावर ठेवून आरशात पाहिलं आणि आता कसं बरं वाटतं म्हणाल्या. त्या गेल्यावर काउंटरवर पडलेला दोऱ्याचा तुकडा मी उचलून पाकिटात टाकला. मालक आतून म्हणाले, काय गं, चेहरा असा का, नंबर वाढला की काय? मालकांचा हा एकच विनोद आहे आणि तो ते रोज करतात.

संशय हा तसा माझा धंदाच. दुकानात येणारा प्रत्येक माणूस थोडं खोटं बोलतो. म्हातारे तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात, पोरी दिसत असून दिसत नाही म्हणतात, कारण मैत्रिणीनं चष्मा घेतलेला असतो. मी काच बदलते आणि तोंडाकडे बघत राहते; कुठल्या क्षणी माणूस बघायचं सोडून आठवायला लागतो, ते मला कळतं. आणि आता मला दादाचा आवाज आठवत होता. गेल्या थंडीत मी येते म्हटलं तर म्हणाला, छप्पर उतरवलंय, झोपशील कुठं? त्याच्या आधी रस्ता खराब होता. मग आईच तुझ्याकडे यायचं म्हणतेय, तू कशाला धावपळ करतेस, असं झालं; आई काही आली नाही. आणि पाहुण्यांचं विचारलं की ताकाला तूर लागू द्यायचा नाही. "आपल्याकडे कुठले पाहुणे? आपली पाळीच नाही." पाणी कुठेतरी मुरत होतं हे मला तेव्हाच वाटलेलं. पण मी वहिनीवर ठेवून दिलं होतं. संशय ठेवायला वहिनी फार सोयीची असते. ती गोड बोलते, म्हणजे काहीतरी लपवते. गप्प बसते, म्हणजे नक्कीच लपवते. आता मात्र तिथं आईच्या हातची गाठ होती, माझी खोली होती, माझी खिडकी होती, आणि त्या खिडकीत उभं राहून कुणीतरी परकी बाई म्हणत होती की सगळं तळं दिसतं. सगळं दिसत नाही. धक्क्याचा कोपरा पलीकडच्या काकूच्या छपराआड जातो. लहानपणी बाबांची होडी त्या छपराआडून बाहेर येईपर्यंत मी श्वास धरून ठेवायची.

बसस्टॉपवर उभी होते, घरी आले, भांडी घासली, आणि डोक्यात ते एकच वाक्य. मला एकच मुलगा. आईला विसरायला होतंय का? तसं असेल तर वाईट; पण मन इतकं दुष्ट की मला त्यातल्या त्यात तेच बरं वाटत होतं. विसरली असेल तर निदान तिनं म्हटलं नाही, तिच्याकडून झालं. की तिच्याकडून वदवून घेतात? घर दादाच्या एकट्याच्या नावावर करायचं चाललंय का? आधी पाहुण्यांना सांगायचं एकच मुलगा, मग गावाला, मग कागदाला. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं. मी ताट विसळता विसळता इतकी पुढं गेले की दादा मला भिंतीवरचा माझा शाळेतला फोटो उतरवताना दिसला. फोटो उतरवला असेलच. पाहुण्यांनी विचारलं असतं, ही कोण?

आता गावची ती बैठक आठवणं भागच होतं. होड्या ठेवायच्या शेडमध्ये भरलेली, ओल्या लाकडाच्या वासातली. तळ्याचा लव्हाळ्यांचा भाग पक्ष्यांसाठी राखायचं ठरलं होतं, तिथं जाळं टाकायचं नाही. आणि नेमकी तीच दादाची, आमच्या आळीतल्या सगळ्यांची मासे धरायची जागा. बदल्यात बाहेरचे पाहुणे येतील, घराघरांत राहतील, त्यांच्याकडून येईल त्यातला एक वाटा गावाच्या पेटीत, बाकीचा ज्याच्या घरी पाहुणा त्याचा. ऐकायला गोड. पण पहिल्या थंडीत सगळे पाहुणे धक्क्यासमोरच्या ठेकेदाराच्या माडीवर. ठेकेदाराची दोन्ही मुलं शहरात नोकरीला, माडी रिकामी, आणि ठेकेदारीण धक्क्यावरच उभी. होडीतून उतरणाऱ्याची बॅग ती अशी काही उचलायची की माणसाला मागं जावंच लागे. बैठकीत त्यावरून भांडण जुंपलं. मी तेव्हा सुट्टीला गेलेली, मागं बायकांत बसलेली. मी उठले आणि म्हटलं, ज्या घरात बाहेरची कमाई येते त्या घराला पाळी नको. ज्यांचं तळं गेलं आणि दुसरं काही नाही, पाहुणे त्यांच्याकडे जाऊ देत. शेडमध्ये टाळ्या पडल्या. निवृत्त झालेले मास्तर, ज्यांनी मला अक्षर ओळखायला शिकवलं, ते म्हणाले, शाबास, हा नियम. मग त्यांनीच फळीची युक्ती काढली: धक्क्यावर एक फळी, तिच्यावर प्रत्येक घरानं कोरलेला एकेक लाकडी मासा टांगायचा; पाहुणा आला की पहिला मासा काढून शेवटी लावायचा. ठेकेदारीण माझ्याकडे बघून म्हणाली, मग तुमचाही मासा नाही बाई, तू कमावतेस ना? मी मान ताठ करून म्हटलं, नकोच आम्हाला. घरी येताना दादा पुढं चालत होता. मला वाटलं, त्याला अभिमान वाटतोय. नियम बरोबर होता, आजही मी तेच म्हणेन. फक्त मी घरी पाठवत होते ते चष्मा पुसायच्या कापडाएवढं, आणि त्यात एक अख्खं घर झाकलं जातंय असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानातूनच दादाला फोन लावला, मालक जेवायला गेल्यावर.

"वरच्या खोलीत कोण झोपतं रे?"

"कुणी सांगितलं तुला?"

"आईच्या गाठीनं. आईला दे फोन."

"ती जाळं विणतेय."

"जाळं कशाला? तिथं टाकायला बंदी आहे ना?"

"पाहुण्यांना दाखवायला," दादा म्हणाला. मग तो भराभरा बोलला, एकदाचं तोंडातलं टाकून द्यावं तसा. "ऐक. दोन थंड्या आम्ही कशाबशा काढल्या. मग बैठकीत मास्तरांनी परत विचारलं, कुठल्या घरात बाहेरची कमाई आहे? मी तोंड उघडायच्या आत आई उठली. म्हणाली, आमच्यात नाही, मला एकच मुलगा. अख्खं गाव तुला ओळखतं. कुणी हसलं नाही, सगळे मूग गिळून बसले. मास्तर म्हणाले, मुलगी येत नाही, जात नाही, संबंध नाही, असं असेल तर धरू नका. तेव्हा ठेकेदारीण म्हणाली, ठीक आहे, पण लेक म्हणून ज्या दिवशी ती या धक्क्यावर उतरेल त्या दिवशी यांचा मासा खाली."

"म्हणजे मी यायचं नाही."

"मी कुठं असं म्हटलं?"

"तू रस्ता खराब म्हटलंस."

"रस्ता खराबच आहे," दादा म्हणाला.

मी फोन ठेवला आणि पहिला विचार काय आला असेल, तर हा की पुढं करायला आई बरी सापडली. आई उठली, आई म्हणाली. जन्मात कुठल्या बैठकीत तोंड न उघडलेली माझी आई! वहिनीनं मागून कोपर मारलं असणार. बरं, समजा आईच बोलली. एकदा बोलली, बैठकीत, गरजेपोटी, कबूल. पण त्या चष्मेवाल्या बाईला सांगायची काय गरज होती? तिथं कुठं ठेकेदारीण बसली होती ऐकायला? की भिंतीला कान म्हणून? की खोटं रोज बोललं की ते दातांना सवयीचं होतं, आणि मग एक दिवस खरं बोलायला गेलं तर जीभ अडखळते? चष्म्याचंच सांगते. माणसाला चुकीचा नंबर दिला तर पहिले काही दिवस डोकं दुखतं. मग डोळा त्याच काचेला सरावतो, आणि बरोबर नंबर दिला की तो म्हणतो, हे काहीतरी चुकलंय. आई सरावली असेल तर? मला तिचा चेहरा बघायचा होता. फोनवर आवाज काहीही करता येतो. चेहरा समोर असला की कुठल्या क्षणी माणूस आठवायला लागतो ते मी ओळखते. धोका मला कळत होता. माझ्या एका पावलानं त्यांचं चालतं घर बंद पडलं असतं. पण मी म्हटलं, लेक म्हणून उतरायचं नाही ना? मग पाहुणी म्हणून उतरेन. पाहुणीला कुठला नियम अडवतो? त्या तळ्याच्या सहली ठरवून देणारं ऑफिस आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. तिथल्या मुलीनं मला लव्हाळ्यांचं चित्र छापलेलं पत्रक दिलं, मोठ्यानं बोलू नका, भडक कपडे घालू नका म्हणाली, आणि विचारलं, पहिल्यांदाच जाताय का? मी हो म्हटलं.

रस्ता खरोखरच खराब होता. अलीकडच्या काठावर होडी लागलेली, आणि वल्ह्यावर दादा. मला बघून त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याबरोबर एक नवरा-बायको होते, गळ्यात दुर्बिणी अडकवलेले. "सांभाळून बसा," दादा म्हणाला, कुणा एकाला नाही, तिघांना मिळून. मग होडी पाण्यात गेल्यावर तो बोलायला लागला: हे करकोचे कुठून येतात, नर कुठला, मादी कुठली, जोडी कशी जन्मभर टिकते. त्याचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता, गुळगुळीत, पाठ केलेला. याच पक्ष्यांना जाळं फाडतात म्हणून तो ढेकळं मारायचा. मी पाण्यात हात घातला तर म्हणाला, "हात आत ठेवा." मला हसू आलं आणि लगेच रागही आला. त्याच्या मानेवरचं हाड वर आलं होतं. सदरा बाबांचा होता.

धक्क्यावर बायका रांगेनं उभ्या होत्या. पाहुणे यायला लागल्यापासून गावात प्रत्येकाच्याच डोळ्याला दुर्बीण लागली आहे. पाहुणे पक्षी बघतात आणि गाव एकमेकांचे पाहुणे बघतं. फळीवर मासे टांगलेले. त्यातला पहिला मासा दादानं कोरलेला, हे मला सांगावं लागलं नाही. शेपूट धडापेक्षा मोठं. शाळेतही त्याच्या माशाचं शेपूट कागदाबाहेर जायचं. आणि त्या माशाच्या समोर आई. वाळली होती. तिनं मला होडीतच ओळखलं असणार, तिची नजर लांबची चांगली आहे, जवळचंच दिसत नाही. पण ती बघत होती माशाकडे. मास्तरांनी त्या नवरा-बायकोला नमस्कार केला, शेपूटवाला मासा काढून शेवटी लावला, आणि आईनं पुढं होऊन त्या बाईची बॅग घेतली.

"अगं बाई, ही कोण उतरली?" ठेकेदारीण म्हणाली. "तोंडवळा ओळखीचा वाटतोय. मास्तर, जरा नीट बघा."

आई बॅग घेऊन तशीच उभी राहिली. दादा होडी बांधत होता आणि ती काही केल्या बांधून होत नव्हती. मास्तरांनी चष्मा वर सरकवला. काचांवर ओरखडे होते, त्यातून त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. "पाहुण्यांना आधी विचारू," ते म्हणाले. "बाई, तुम्हाला कुणाकडे जायचंय?"

मी आईकडे बघितलं. आता तरी बघ, म्हटलं मनात. एकदा बघ, मग मी काहीही म्हणेन. ती बघेना. ती त्या फळीच्या शेवटी लागलेल्या माशाकडे अशी बघत होती, जशी पूर्वी मला ताप आला की कपाळाकडे बघायची. मला इतका राग आला की वाटलं, म्हणावं, मी माझ्या घरी चाललेय, बाजूला व्हा. कुणीही मला अडवू शकलं नसतं. वरची खोली माझी, खिडकी माझी, आणि ती उभी आहे ती आई माझी. तेवढ्यात त्या बॅगेच्या ओझ्यानं आईचा डावा खांदा खाली गेला आणि तिनं बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"ज्यांची पाळी असेल त्यांच्याकडे," मी म्हटलं.

"गावात ओळखीचं कुणी?" ठेकेदारीण.

"नाही. मी पक्षी बघायला आलेय."

मास्तरांनी पुढचा मासा काढला. तो पलीकडच्या काकूचा होता. जिच्या हातचा मार खाऊन मी मोठी झाले ती काकू पुढं आली, माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "या." घरी नेऊन तिनं मला मोरी दाखवली, गरम पाणी कुठं मिळेल ते सांगितलं, न फुटलेला कप शोधून चहा दिला आणि समोर बसली ती पदराशी चाळा करत. मी म्हटलं, काकू. तिनं दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "साखर पुरे ना?" मला वाटलं, हिलाही भीती, खोटं उघडं पडलं तर गप्प बसलेले सगळेच खोटे. की आमची पाळी गेली तर हिची लवकर येईल, असा हिशेब मनात? काकूबद्दल असं वाटलं याची लाज वाटली, तरी वाटायचं थांबलं नाही. संध्याकाळी तिच्या खिडकीतून आमचं घर दिसत होतं. माझ्या खोलीत दिवा लागला. दुर्बीण खुंटीला अडकवलेली दिसली, मग आई आली, हातात पांघरुणं. एकेक घडी उलगडून तिनं गादीवर पसरली, कोपरे आत खोचले. ती बाई काहीतरी विचारत होती आणि आई उत्तर देत होती. काय विचारलं असेल मला माहीत होतं. उत्तरही. आईनं खिडकीशी येऊन पडदा ओढला. इकडे बघून ओढला की नुसताच ओढला, तेवढ्या अंधारात मला ठरवता आलं नाही. ती येईल म्हणून मी काकूशी बळेच बोलत बसले. ती आली नाही. म्हणजे सरावली, मी म्हटलं. बघायचं ते बघून झालं. उद्याच्या पहिल्या होडीनं परत.

सकाळी पिशवी खांद्याला लावून दाराबाहेर आले. सँडल पायरीवर होते, रात्री ठेवले तसे, शेजारी शेजारी. वाकून पाय घालणार तो डाव्याच्या पट्ट्यावर निळं काहीतरी दिसलं. दोरा. वेढे एकाला एक लागून, मधे केसाची फट नाही. मी तिथंच पायरीवर बसले. गाठ बोटानं चाचपली. उलट्या बाजूनं फिरवून आत दडपलेली. आणि माझ्या मनानं लगेच, क्षणाचीही उसंत न देता, म्हटलं: हे ती सगळ्यांनाच करते. पाहुण्यांचं काही तुटलेलं दिसलं की बसतेच घेऊन, शेजारच्यांच्या पाहुण्यांचंही. चष्मेवाल्या बाईला केलं तेच तुला. तू पाहुणी म्हणालीस ना? घे. मी पर्समधून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि कामावर बघते तसं बघायला लागले. दोरा नखानं सरकवून पट्ट्याची कड बघितली, शिवण बघितली, बक्कल बघितलं, पट्टा उलटा करून खालून बघितलं. चीर नव्हती. सुटलेला टाका नव्हता. साधी सुरकुतीसुद्धा नव्हती. येण्याआधीच्या आठवड्यात घेतलेले, कोरे करकरीत सँडल होते ते. पट्टा कुठंही तुटलेला नव्हता.

समोरच्या घरातून पाहुण्यांच्या हसण्याचा आवाज येत होता आणि आई अंगणात जाळं घेऊन त्यांना दाखवायला बसली होती, माझ्याकडे पाठ करून. मी सँडल पायात घातले आणि भिंग पर्समध्ये टाकलं. डोळे पुसायला ते काढावंच लागलं. तेवढ्यात ठेकेदारीण धक्क्याकडे जाता जाता थांबली. तिची नजर आधी माझ्या चेहऱ्यावर गेली, मग पायाकडे, मग निळ्या दोऱ्याकडे.

"काय हो," तिनं विचारलं, "चप्पल नवीच दिसतेय. तुटली काय?"

"हो ना," मी म्हटलं. "काल होडीतून उतरतानाच तुटली. इथल्या कुणी आजी आहेत म्हणे, त्यांनी बांधून दिली."